सार्वजनिक व्यक्तीचे ऑनलाइन चरित्र आणि तिचे खासगी आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ऑनलाइन चरित्रे लिहिणाऱ्यांसाठी आहे. कुणी मुक्त विश्वकोशावर लिहीत असेल, कुणी एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळासाठी परिचय तयार करत असेल. खासगी आयुष्यातले काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हा पेच सगळ्यांपुढे सारखाच उभा राहतो. खाली बरेचदा विकिपीडियाचा उल्लेख येईल, कारण हयात व्यक्तींबद्दल कसे लिहावे यावर तिथल्या संपादकांनी वर्षानुवर्षे खल करून लेखी नियम बांधले आहेत. तुम्ही दुसरीकडे लिहीत असलात तरी ते उपयोगी पडतात.

कसोटी एका वाक्यात सांगता येईल का?

येईल. हा तपशील काढून टाकला, तर त्या व्यक्तीचे सार्वजनिक काम किंवा तिचे निर्णय वाचकाला कमी कळतील का?

उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा विचार करायचा. ‘नाही’ असेल तर तपशील कितीही चटकदार असला तरी त्याला चरित्रात जागा नाही. समजा, एका शास्त्रज्ञाला लहानपणापासून कमी ऐकू येते आणि पुढे तिने श्रवणयंत्रांवरच संशोधन केले. इथे तिचे कमी ऐकू येणे चरित्रातून वगळले तर चरित्रच उभे राहणार नाही. हीच अडचण एखाद्या बँकेच्या संचालकाला असेल आणि त्याने ती कुठे बोलून दाखवली नसेल, तर ती त्याची आणि त्याच्या डॉक्टरांची गोष्ट आहे.

‘माणूस म्हणून ओळख व्हावी म्हणून लिहिले’ हे कारण हमखास पुढे केले जाते. ते मान्य करू नका. त्या कारणाखाली काहीही खपवता येते.

माहिती खरी आहे, छापूनही आली आहे. मग लिहायला हरकत काय?

खरी असणे ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. वर्तमानपत्रातली बातमी दुसऱ्या दिवशी मागे पडते. ऑनलाइन चरित्र मात्र त्या व्यक्तीचे नाव शोधले की वर्षानुवर्षे सगळ्यात वर येते. नोकरी देणारा ते वाचतो, घर भाड्याने देणारा वाचतो, मुलांच्या वर्गातली मुलेही वाचतात. आठ वर्षांपूर्वी कुठल्या तरी पुरवणीत कोपऱ्यात आलेली ओळ तुम्ही चरित्रात आणून ठेवली, की तिला मिळणारा वाचक आणि तिचे आयुष्य दोन्ही बदलतात. त्या बदलाला जबाबदार तुम्ही असता, मूळ बातमीदार नव्हे.

शिवाय हा मजकूर तुमच्या पानापुरता राहत नाही. गूगलसारखी शोधयंत्रे त्याचा उतारा उचलतात, इतर संकेतस्थळे तो जसाच्या तसा डकवतात, मजकूर लिहिणारी एआयची भाषिक प्रारूपे त्यावर शिकतात. आज गाळलेली गोष्ट उद्या खुशाल घालता येते. आज घातलेली गोष्ट उद्या पुरती काढता येत नाही. म्हणूनच वाद झाला तर समर्थन देण्याचा भार तपशील घालू पाहणाऱ्यावर असावा, काढणाऱ्यावर नव्हे. विकिपीडियाचाही नियम असाच आहे.

संदर्भ किती भक्कम हवा?

मे २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेंथेलर यांच्यावरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या लेखात कुणीतरी निनावी मजकूर घातला. केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा थेट हात असावा असे काही काळ मानले जात होते, असा त्याचा आशय होता. शेवटी पुस्ती जोडलेली होती की काहीही सिद्ध झाले नाही. सगळे बनावट होते. सिगेंथेलर हे रॉबर्ट केनेडी यांचे सहायक राहिलेले, त्यांच्या शवपेटीला खांदा देणारे गृहस्थ. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. नोव्हेंबरअखेर त्यांनी ‘यूएसए टुडे’मध्ये लेख लिहून हा प्रकार जगापुढे मांडला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवे लेख सुरू करण्याची मुभा नोंदणीकृत सदस्यांपुरती झाली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आले.

त्या मजकुराची ठेवण नीट पाहा. ‘मानले जात होते’ आणि ‘सिद्ध झाले नाही’, एवढ्या दोन टेकूंवर खुनाचा आरोप उभा होता. तुमच्या खर्ड्यात ‘बोलले जाते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘चर्चा आहे’ असे शब्द दिसले तर ते वाक्य खोडा. ते सुधारत बसू नका, खोडाच.

हयात व्यक्तीबद्दल वादग्रस्त मजकूर संदर्भाविना किंवा तकलादू संदर्भावर घातलेला असेल, तर चर्चेची वाट न पाहता तो काढावा, असे धोरण सांगते. न्यायालयातली प्रतिज्ञापत्रे, मालमत्तेच्या नोंदी, मतदारयाद्या हे अस्सल कागद असतात. तरीही थेट त्यांच्यावरून हयात व्यक्तीबद्दल काही लिहू नये. नावे जुळतात, माणसे वेगळी निघतात. आणि कशाचा अर्थ काय, हे तुम्ही स्वतःच ठरवून मोकळे होता. विश्वासार्ह पत्रकाराने किंवा अभ्यासकाने ती बाब तपासून, महत्त्वाची मानून लिहीपर्यंत थांबा.

व्यक्तीने स्वतःच्या खात्यावर स्वतःबद्दल लिहिलेले चालते. तिने माजी जोडीदाराबद्दल लिहिलेले चालत नाही.

लग्न, घटस्फोट, प्रेमसंबंध यांचे काय?

एका काल्पनिक अभिनेत्रीच्या चरित्रातला परिच्छेद घेऊ. असे परिच्छेद रोज लिहिले जातात.

*“२०१२ मध्ये त्यांचे एका उद्योजकाशी लग्न झाले. मात्र पतीच्या संशयी स्वभावामुळे दोघांत खटके उडू लागले. जवळच्या मित्रांच्या म्हणण्यानुसार एका सहकलाकाराशी वाढलेली त्यांची जवळीक हे त्यामागचे खरे कारण होते. २०१७ मध्ये त्या मुलीला घेऊन वेगळ्या राहू लागल्या आणि २०१९ मध्ये घटस्फोट झाला. त्यांना मिळालेली पोटगी मोठी असल्याचे बोलले जाते.”*

यातली ‘पतीचा संशयी स्वभाव’ ही कुणा एका बाजूची तक्रार आहे आणि ती लेखकाच्या तोंडून वस्तुस्थितीसारखी आली आहे. पती सार्वजनिक व्यक्ती नाही. त्याला इथे उत्तर द्यायची सोयही नाही. ‘जवळच्या मित्रांनी’ नाव दिलेले नाही, म्हणजे सांगणारा कुणीच नाही. सहकलाकार विनाकारण ओढला गेला. मुलगी कुणाबरोबर राहते, हा तिचा विषय. पोटगी ही तर निव्वळ अफवा. इतके सगळे झटकल्यावर उरते ते असे:

*“२०१२ मध्ये त्यांचे लग्न झाले, २०१९ मध्ये घटस्फोट झाला. त्यांना एक मुलगी आहे.”*

एवढे पुरेसे आहे. आता समजा, २०१७ ते २०१९ या काळात त्यांनी एकही भूमिका केली नाही आणि मुलीच्या ताब्याच्या खटल्यामुळे काम थांबवले, असे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले. मग तो खंड समजण्यासाठी आणखी एक वाक्य हवे: खटल्यामुळे काम थांबवल्याचे त्यांनी सांगितले आहे. खटल्यात कोण काय म्हणाले, ते तरीही नको.

प्रेमसंबंध दोघांनीही जाहीर केले असतील आणि ते टिकाऊ असतील, तरच उल्लेख करा. एकत्र दिसले, एका गाडीतून उतरले, एकमेकांच्या छायाचित्राला पसंती दिली, यावरून काहीही लिहू नये. अपवाद एक: खासगी नाते सार्वजनिक कारभारात शिरले तर. मंत्र्याने आपल्या जोडीदाराच्या कंपनीला कंत्राट दिले आणि त्याची चौकशी लागली, तर ते नाते चरित्रात येणारच. तेव्हाही विषय कंत्राटाचा आहे हे विसरू नये.

मुलांची नावे द्यावीत का?

सहसा नाही. ‘दोन मुले आहेत’ इतके लिहून थांबा. शाळा, वय, आजार, परीक्षेतले गुण यांपैकी काहीही कधीच नको, मग आईवडिलांनी स्वतः कौतुकाने जाहीर केलेले असले तरी. प्रसिद्धी आईवडिलांनी पत्करलेली असते, मुलांना कुणी विचारलेले नसते. मूल पुढे स्वतःच्या कामाने नावारूपाला आले किंवा जन्मानेच एखाद्या राजपदाचे वारस असले, तर गोष्ट वेगळी.

हाच विचार भावंडे, वृद्ध आईवडील, माजी जोडीदार यांनाही लावा. एखाद्या नेत्याचा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात आहे, ही ओळ नेत्याबद्दल काहीच सांगत नाही आणि भावाचे मात्र उरलेसुरले सगळे हिरावून घेते.

जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी?

पत्ता, दूरध्वनी, ईमेल कधीच नाही. राहत्या घराचा ओळखू येईल असा फोटोही नाही. पूर्ण जन्मतारीख त्या व्यक्तीने जाहीर केली असेल किंवा विश्वासार्ह माध्यमांत सर्रास छापून आली असेल, तरच द्यावी. शंका असेल किंवा तिने आक्षेप घेतला असेल तर नुसते वर्ष द्या. पूर्ण तारीख ओळख चोरणाऱ्यांच्या कामी येते. व्यक्ती कोणत्या पिढीची हे कळायला वर्ष पुरते.

आजारपण लिहावे का?

इथे सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

सत्तेवरच्या माणसाची प्रकृती ही प्रजेची गोष्ट असते. ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. त्याची खरी तीव्रता जनतेपासून लपवली गेली. त्यांच्यापर्यंत कुणी आणि काय पोहोचायचे हे पत्नी एडिथ ठरवत होत्या आणि हे मार्च १९२१ मध्ये मुदत संपेपर्यंत चालले. विल्सन यांच्या चरित्रातून हा आजार काढला तर त्या दीड वर्षाच्या कारभाराचा उलगडाच होत नाही.

फ्रान्सचे फ्रान्स्वा मितेराँ १९८१ मध्ये अध्यक्ष झाले. आपल्या प्रकृतीची माहिती नियमित जाहीर करू, असे त्यांचे वचन होते. त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले आणि पुढे अकरा वर्षे तो लपवून वैद्यकीय पत्रके निघत राहिली. जानेवारी १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच त्यांच्या डॉक्टरांनी सगळे उघड करणारे पुस्तक आणले. फ्रेंच न्यायालयाने त्यावर बंदी घातली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २००४ च्या निकालात त्या न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मृत्यूनंतर लगेच, कुटुंब दुःखात असताना घातलेली तात्पुरती बंदी योग्य होती; पण ती कायम ठेवणे हा अभिव्यक्तीवर घाला होता, कारण राष्ट्राध्यक्षाच्या आजाराबद्दल जाणून घेणे लोकहिताचे होते आणि काळ लोटत गेला तसा हा दावा अधिक बळकट होत गेला. चरित्र लिहिणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा. विषय तोच असला तरी ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ यांची उत्तरे वेगळी असू शकतात.

आता दुसरी बाजू. टेनिसपटू आर्थर अॅश १९८० मध्ये स्पर्धात्मक टेनिसमधून निवृत्त झाले. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्यांना एचआयव्हीची लागण झाली होती आणि ते १९८८ मध्ये कळले. त्यांनी ते मोजक्या लोकांपुरते ठेवले. मुलगी लहान होती. १९९२ मध्ये एका वृत्तपत्राने याबाबत विचारणा केली. बातमी फुटणार हे दिसताच ८ एप्रिल रोजी अॅश यांना स्वतःच पत्रकार परिषद घेऊन सांगावे लागले. तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते, ते खेळत नव्हते, त्यांच्या आजाराने कुणाचा निर्णय अडत नव्हता. दहा महिन्यांनी ते गेले. जाहीर झाल्यावर त्यांनी त्या आजारासाठी निधी उभारला, संयुक्त राष्ट्रसंघात भाषण केले, म्हणून आज तो त्यांच्या चरित्रात आहे आणि असायला हवा. पण त्यामुळे एप्रिल १९९२ ची सक्ती योग्य ठरत नाही. त्यांनी पुढे जे केले त्याचे श्रेय त्यांचे आहे, बातमी काढणाऱ्यांचे नाही.

तेव्हा सत्तेवर नसलेल्या व्यक्तीचा आजार तिने स्वतः सांगितला असेल किंवा त्यामुळे तिचे काम उघडपणे बदलले असेल, तरच लिहा. लिहिताना आजाराचे नाव आणि कामावर झालेला परिणाम इथवर थांबा. औषधे, रुग्णालयातला मुक्काम, मानसोपचाराचे तपशील, गर्भपात, वंध्यत्वावरचे उपचार या गोष्टी व्यक्तीने स्वतः ठामपणे मांडल्याखेरीज घेऊ नयेत.

धर्म, जात, लैंगिकता?

दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हायला हव्यात. व्यक्तीने स्वतः आपली ती ओळख जाहीर केलेली असावी आणि तिच्या सार्वजनिक कामाशी त्याचा संबंध असावा. आडनावावरून, पेहरावावरून किंवा कुठल्या सोहळ्याला हजर होती यावरून अंदाज बांधू नये.

मजकुरापेक्षा मोठा धोका माहितीचौकट (लेखाच्या कडेला असलेला थोडक्यात माहितीचा तक्ता) आणि वर्ग (सारख्या विषयाचे लेख एकत्र करणारी, लेखाच्या तळाशी लावलेली शीर्षके) यांत असतो. परिच्छेदात तुम्ही ‘स्वतः नास्तिक असल्याचे त्यांनी २०१० च्या मुलाखतीत सांगितले, पुढे मात्र त्या श्रद्धेकडे वळल्या’ असे लिहू शकता. चौकटीतल्या रकान्यात एकच शब्द मावतो. वर्ग तर नुसता शिक्का असतो, त्याखाली खुलासा लिहायची जागा नसते. तोच रकाना यंत्रांकडून वाचला जाऊन दुसरीकडे पोहोचतो. म्हणून परिच्छेदात नीट सांगता येत असेल तर सांगा आणि रकाना रिकामा ठेवा.

हयात पारलिंगी व्यक्तीचे पूर्वीचे नाव, त्या नावाने ती आधीच प्रसिद्ध असेल तरच द्यावे. नसेल तर ते नाव देऊन वाचकाला काही मिळत नाही. त्या व्यक्तीला मात्र ज्यातून ती महत्प्रयासाने बाहेर आली, तिथेच पुन्हा ढकलले जाते.

खटले आणि आरोप कुठवर लिहायचे?

व्यक्ती खरोखर सार्वजनिक असेल आणि अनेक विश्वासार्ह माध्यमांनी आरोपाची दखल घेतली असेल, तर लिहा. आरोप काय, कुणी केला, व्यक्तीचे म्हणणे काय, खटला कुठे पोहोचला हे चारही एका ठिकाणी यावे. गुन्हा दाखल होणे, आरोपपत्र सादर होणे आणि दोषी ठरणे यांतला फरक शब्दाशब्दात पाळावा. फारशी प्रसिद्ध नसलेली व्यक्ती असेल तर दोषी ठरेपर्यंत आरोप न लिहिणेच बरे.

प्रमाणाकडे कुणी लक्ष देत नाही, याचे मला फार वाईट वाटते. अटकेच्या आठवड्यात तीन परिच्छेद लिहिले जातात, कारण तेव्हा दहा जण संपादन करत असतात. सहा वर्षांनी निर्दोष सुटका होते तेव्हा कुणीच फिरकत नाही आणि झालीच तर अर्ध्या ओळीची भर पडते. तुम्ही आरोपाचा परिच्छेद लिहिलात, तर त्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते पान तुमच्या निरीक्षणसूचीत, म्हणजे लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत, असले पाहिजे. निकाल लागला की परिच्छेद पहिल्यापासून नव्याने लिहा.

‘वाद’ नावाचा वेगळा विभाग शक्यतो करूच नका. तो केला की तिथे येणारा-जाणारा काही ना काही टाकत राहतो. वाद ज्या कामाशी निगडित आहे, त्या कामाच्या वर्णनातच त्याला जागा द्या.

बोलायचे एक आणि वागायचे दुसरे, हे उघड करू नये का?

करावे, पण बोलणे आणि वागणे यांत खरी विसंगती असेल तेवढ्यापुरतेच. सुपरमॉडेल नाओमी कॅम्पबेल यांनी आपण अमली पदार्थ घेत नसल्याचे जाहीर सांगितले होते. एका ब्रिटिश वृत्तपत्राने त्या घेतात आणि उपचार घेत आहेत, असे छापले. सोबत उपचारगटाचा तपशील आणि बैठकीबाहेर लपून काढलेले फोटो दिले. २००४ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथले सर्वोच्च न्यायालय होते) तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी जाहीरपणे नाकारलेली गोष्ट खोडून काढण्याचा वृत्तपत्राला अधिकार होता, हे त्यांच्या वकिलांनीही मान्य केले होते. पण उपचार कुठे, कसे, किती वेळा, आणि ते फोटो, हे त्या अधिकारात बसत नव्हते.

ही रेघ चरित्रातही ओढता येते. कुटुंबसंस्थेवर भाषणे देत कायदे करणाऱ्या नेत्याचे वागणे नेमके त्याच कायद्याच्या विरुद्ध असेल, तर ती विसंगती लोकांपुढे यावी. ज्याने या विषयावर कधी तोंडही उघडले नाही, त्याला ती कसोटी लावता येणार नाही.

व्यक्तीने स्वतःच आत्मचरित्रात सांगितले असेल तर?

दार उघडते, पण निवड करावीच लागते. आत्मचरित्रातली शंभर पाने तिच्या लेखणीतून, तिच्या क्रमाने, तिने दिलेल्या कारणांसह आलेली असतात. त्यातले एक वाक्य उचलून ‘वैयक्तिक आयुष्य’ या मथळ्याखाली ठेवले की तो वेगळाच मजकूर होतो. आणि तिने स्वतःबद्दल सांगितले म्हणून तिच्या बहिणीबद्दल सांगितलेलेही आपोआप खुले होत नाही. बहिणीने ते पुस्तक लिहिलेले नाही.

एकाच घटनेमुळे नाव झालेल्या माणसाचे चरित्र लिहावे का?

नाही. घटनेवर लेख लिहा आणि त्यात त्या माणसाचा आवश्यक तेवढाच उल्लेख करा. अपघातातून वाचलेला, गुन्ह्याचा साक्षीदार, चुकून व्हायरल झालेला यांपैकी कुणीही सार्वजनिक आयुष्य निवडलेले नसते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असे तर काहीही नको, नाव गाळून बाकी सगळे देण्याची पळवाटही नको.

छायाचित्रांना हेच लागू होते का?

हो, थोडे अधिकच कडकपणे. मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलीन यांची घोडेस्वारी, खरेदी, मुलांबरोबर फिरणे अशी छायाचित्रे जर्मन मासिकांनी छापली. २००४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हटले की अशा छायाचित्रांनी लोकहिताच्या कोणत्याही चर्चेत भर पडत नाही. २०१२ मध्ये त्यांचेच दुसरे प्रकरण आले. सुट्टीवर असतानाचा एक फोटो त्यांचे वडील, म्हणजे राज्यावर असलेले प्रिन्स रेनिए, यांच्या आजारपणावरच्या लेखासोबत छापला होता. त्याला न्यायालयाने हरकत घेतली नाही, कारण राज्यकर्त्याचे आजारपण हा लोकांचा विषय होता. बेसावध क्षणी काढलेला फोटो मोफत परवान्याने मिळतो आहे, एवढ्यावरून तो चरित्रात लावू नका.

कायद्याने बंदी नसेल तर लिहायला मोकळीक आहे ना?

कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि ते फक्त किमान मर्यादा घालून देतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात सांगितले की कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण अशा बाबींवर संमतीशिवाय प्रकाशित करता येत नाही, मग ते खरे असो वा खोटे, स्तुती असो वा टीका. सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर आणि सरकारी पदावरच्या व्यक्तीचे पदावरचे काम यांना त्यातून सूट आहे. कायद्याच्या नजरेतून सुटणारा पण एखाद्याला विनाकारण दुखावणारा मजकूर भरपूर असतो. तो अडवण्याची जबाबदारी तुमची आहे.

त्या व्यक्तीनेच ‘हे काढा’ म्हटले तर?

ऐकून घ्या आणि आदराने उत्तर द्या. चिडून लिहिलेल्या निरोपामागेही बहुधा खरी इजा असते. माहिती चुकीची असेल तर लगेच दुरुस्त करा. खरी पण बिनमहत्त्वाची असेल तर काढून टाका. खरी आणि तिच्या कामाशी निगडित असेल तर ठेवा, आणि का ठेवली ते सांगा. फारशी प्रसिद्ध नसलेल्या व्यक्तीने आपल्यावरचा लेखच नको म्हटले आणि संपादकांचे एकमत होत नसेल, तर विकिपीडियावर लेख वगळता येतो.

२०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश नागरिकाच्या तक्रारीवर दिलेला निकाल इथे उपयोगी आहे. त्याच्या जुन्या देण्यापोटी मालमत्तेच्या लिलावाची १९९८ ची वर्तमानपत्रातली सूचना त्याचे नाव शोधले की अजून वर येत असे. न्यायालयाने मूळ पान काढायला लावले नाही. नावाच्या शोधात ते दाखवू नका, असे शोधयंत्राला सांगितले. माहिती असणे आणि ती त्या माणसाच्या नावाला कायमची चिकटून राहणे या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या मानल्या.

व्यक्तीच्या वतीने पगारी माणूस संपादन करत असेल, तर त्याने ते उघड करायला हवे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापरअटींत २०१४ पासून तशी अट आहे. त्याने बदल लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सुचवावेत, स्वतः करू नयेत.

असे गाळत गेलो तर चरित्र म्हणजे स्तुतिपाठ होणार नाही का?

ही भीती मला पटते. ‘खासगी’ या शब्दाची ढाल करून बड्या माणसांची कृत्ये झाकली गेली आहेत. म्हणून हे ठणकावून सांगायला हवे की हाताखालच्या व्यक्तीचा छळ, सार्वजनिक पैशाचा गैरवापर, घरातली सिद्ध झालेली हिंसा यांतले काहीच खासगी नसते. जिथे अधिकाराचा वापर झाला, तिथे पडदा ओढण्याचा हक्क संपतो. अशी बाब भक्कम संदर्भांनी आलेली असेल, तर ती व्यक्ती किंवा तिचे चाहते कितीही दबाव आणोत, एक ओळही कमी करू नका. उलट फालतू तपशील काढल्याने अशा गोष्टी ठळक दिसतात. पानभर प्रेमप्रकरणांच्या खाली गाडलेला गैरव्यवहार वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो.

निधनानंतर सगळे खुले होते का?

लगेच नाही. अलीकडे निधन झालेल्यांनाही हयात व्यक्तींचेच नियम काही काळ लागू राहतात. इंग्रजी विकिपीडियावर ही मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे धरली जाते. मृत्यूच्या कारणाबाबत अधिकृत माहिती येईपर्यंत थांबा. आत्महत्या असेल तर पद्धत आणि चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. पुढे पत्रे, रोजनिशा उजेडात येतात, अभ्यासक त्यावर लिहितात, ज्यांना झळ बसेल अशी माणसे हळूहळू कमी होतात. त्या टप्प्यावर इतिहासाचा दावा मोठा होत जातो.

नको ती माहिती आधीच घातली गेली आहे. ती काढायची कशी?

आधी मजकूर काढा. संपादनाचा सारांश लिहिताना काय काढले ते पुन्हा लिहू नका. ‘हयात व्यक्ती, संदर्भ नाही’ इतके पुरे. सारांशही सगळ्यांना दिसतो आणि पानाच्या इतिहासात, म्हणजे जुन्या बदलांच्या यादीत, राहतो. चर्चा पानावरही तो तपशील न उच्चारता वाद करा. कुणी परत घातला तर ओढाताण करत बसू नका, प्रचालकांना (विशेष अधिकार असलेल्या संपादकांना) कळवा.

पत्ता, दूरध्वनी, अल्पवयीन मुलाची ओळख असे काही असेल तर पानावरून काढून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात उघडता येते. ती आवृत्ती लपवण्याची विनंती प्रचालकांना करा, आणि ती खासगी संदेशाने किंवा ईमेलने. उघड पानावर केलीत तर तुम्हीच दहा जणांना तिथे नेऊन पोहोचवाल. मग माहितीचौकट, वर्ग, चित्राखालची ओळ, विकिडेटा या विकिपीडियाशी जोडलेल्या माहितीसाठ्यावरची नोंद आणि इतर भाषांतले लेख एकेक करून तपासा. बहुतेकदा मजकुरातून गेलेला तपशील यांपैकी कुठेतरी शिल्लक असतो. शोधयंत्रात जुना उतारा दिसत राहिला तर ‘पान बदलले आहे’ असे कळवण्याची सोय तिथे असते, ती वापरा आणि काही दिवसांनी नाव पुन्हा शोधून खात्री करा.